राखी बांधा, मामला मिटवा

माझ्या नातीला कोणी विचारलं, तुझी आजी काय काम करायची, तर ती सांगते, "पोलिसात होती, पगार फक्त मास्तरणीचा." कार्टी खोटं बोलत नाही. इंदूरच्या एका खासगी इंग्रजी शाळेत मी भूगोल शिकवायचे, पण नद्या-पर्वतांसाठी मला कोणी ठेवलं नव्हतं. मी तिथली 'डिसिप्लिन इन्चार्ज'. पोरं मला पाठीमागे 'लू' म्हणत. उन्हाळ्यातली लू म्हणजे तापलेला वारा, सुटला की सगळे आत. मला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

शिस्तीची बाई म्हटलं की लोकांना वाढलेली नखं आणि रंगवलेले केस आठवतात. तो आपला सकाळचा टाइमपास. खरं काम वेगळं. शाळेत घडलेलं शाळेच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी शाळा एक बाई पगारावर ठेवते. शेतात बुजगावणं उभं करतात ना, तशी. पाखरं मला फार घाबरायची. ससाणे मात्र माझ्यासमोर बसून चहा प्यायचे.

आमच्या धंद्यात तक्रार जिना चढते आणि पायरीगणिक तिचं वजन उतरतं. मुलगी वर्गशिक्षिकेला सांगते, "त्यानं लॅबमध्ये माझा हात पकडला आणि सोडलाच नाही." वर्गशिक्षिका कोऑर्डिनेटरला सांगते, "मिसबिहेव्ह केलं." कोऑर्डिनेटर मला सांगते, "दोघांत काही मिसअंडरस्टँडिंग झालंय." मी प्रिंसिपलसाहेबांना सांगायची, "सर, बच्चों का आपस का मामला है." आणि सर ट्रस्टवाल्या भाईजींना फोनवर सांगायचे, "सब बढ़िया है, भाईजी." म्हणजे तळमजल्यावर जी मुलगी रडत असते ती वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत 'बढ़िया' झालेली असते. इतकी माणसं मधे, आणि आपण खोटं बोललो असं एकालाही वाटत नाही. याला आमच्याकडे अनुभव म्हणतात.

या परंपरेत माझी स्वतःची भर म्हणजे राखी.

तेव्हा मी तिशीतली. कडक स्टार्चची सुती साडी, खांद्यावर पदर पिनेनं असा टाचलेला की वादळात हलू नये. डोक्यातल्या कल्पनाही तशाच टाचलेल्या. एखाद्या पोरानं एखाद्या पोरीला छेडलं की मी दोघांना बोलवायची, कपाटातून राखी काढायची आणि मुलीच्या हातात द्यायची. "बांध. आज से ये तेरा भैया है." मुलगी खाली मान घालून बांधायची, पोरगा तिच्या पाया पडण्याचं नाटक करायचा, मी दोघांना एकेक पेढा द्यायची. बात खतम. रक्षाबंधनानंतर राजवाड्याजवळच्या दुकानांत राख्या स्वस्त होतात, तेव्हा मी वर्षभराचा साठा करून ठेवायची. घरी लोणचं, शाळेत राख्या. गृहिणी ती गृहिणीच!

एका शिक्षकदिनी शाळेनं मला शाल-श्रीफळ दिलं आणि प्रिंसिपल भाषणात म्हणाले, "मैडम के पास हर मर्ज़ की एक ही दवा है." मी ती स्तुती समजून घरी येऊन सासूबाईंना सांगितली. हल्ली वाटतं, एखाद्या डॉक्टरबद्दल असं कोणी म्हटलं तर आपण दवाखाना बदलतो.

नववीत एक बंटी होता. एका सत्रात त्याच्या मनगटापासून पार कोपरापर्यंत राख्या चढल्या. मी स्टाफरूममध्ये कौतुकानं म्हणाले, "बघा, किती बहिणी मिळाल्या याला!" आणि हा पठ्ठ्या मधल्या सुट्टीत बाही वर करून दोस्तांना दाखवायचा, "भिया, ये आठवीं बी वाली, ये बस वाली, ये लायब्रेरी वाली." फौजी छातीवर मेडलं लावतो तशी. मी भूगोलाची बाई, एवढा नकाशा समोर मांडलेला, तरी मला कळेना की पोरगा आपल्या मोहिमा दाखवतोय.

दुसऱ्या एका मुलीनं माझ्या सांगण्यावरून राखी बांधली, तर तो मुलगा दर रविवारी तिच्या घरी जायला लागला. भाऊच ना, दार कोण अडवणार? तिची आई त्याला थंड प्यायला शिकंजी करून द्यायची. मुलगी वार्षिक परीक्षेनंतर मामाकडे उज्जैनला गेली ती परत आलीच नाही. हे रविवारचं मला तिच्या आईनं पुष्कळ वर्षांनी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, हातात जिलबीचा द्रोण घेऊन सांगितलं. त्या वेळी मी फक्त हजेरीतल्या तिच्या नावावर लाल रेघ मारली आणि "अच्छे घर की लड़की थी" म्हणून मोकळी झाले. फार हुशार होते हो मी.

राखीला पहिला चोख नकार मिळाला तो देपालपुरहून बसनं येणाऱ्या एका मुलीच्या आजीकडून. बसमध्ये एक पोरगा रोज त्या मुलीच्या शेजारी येऊन खेटायचा. तिनं एक दिवस स्टीलची पाण्याची बाटली त्याच्या नाकावर हाणली. रक्त आलं. मी अर्थातच मुलीला सस्पेंड केलं. रक्त तिनं काढलं होतं ना. घरून कोणाला तरी बोलवा म्हटलं तर आजी आली. डोक्यावर पदर, हातात चांदीची जाड कडी. मी तिला हिंसा, संस्कार वगैरे समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मैडम, म्हारी छोरी ने एक दी. म्हूँ होती तो दो देती." मी राखी पुढे केली. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि टेबलावर ठेवली. "भई तो म्हारे घरे चार हे. अब नी चइये."

आम्ही स्टाफरूममध्ये तिची नक्कल करकरून महिनाभर हसलो. सगळ्यात चांगली नक्कल माझी व्हायची.

मग मोबाइल आले. शाळेत फोनला बंदी होती, म्हणजे फोन दप्तरात नसून मोज्यात असायचे. आधी छेडणारा पोरगा निदान जिन्यात उभा असायचा, सापडायचा. आता तो घरी जेवता जेवता छेडू लागला. आणि आमच्या शाळेचं म्हणणं असं की जे शाळेच्या भिंतीत घडलं नाही त्याची जबाबदारी आमची नाही. भिंत म्हणजे आमची देवता. कुंपणाबाहेर पाऊल पडलं की आमच्या अंगावरचं पाप धुऊन निघायचं.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या निवृत्तीच्या तोंडावरचं.

मुलीचं नाव गार्गी म्हणू. खरं नाही. अशा मुलीचं खरं नाव छापू नये असा कायदा आहे, आणि या बाबतीत कायद्याला अक्कल आहे. मुलगी अकरावीतली. वडील जळगावहून बदली होऊन आलेले, सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात इंजिनियर. आई घरी. गार्गी गणितात कच्ची, बॅडमिंटनमध्ये बरी, बोलायला फटकळ. हे मुद्दाम सांगते, कारण अशी गोष्ट लिहिताना लोक मुलीला उगाच गुणी, शांत, पहिल्या नंबरची करतात. जणू गणितात कच्च्या मुलीवर अन्याय झाला तर तो जरा कमी अन्याय असतो.

मुलाला नुसतं हेडबॉय म्हणते. दहावीत शहरात वरचा आलेला, म्हणून त्याचा हसरा चेहरा बायपासच्या मोठ्या होर्डिंगवर शाळेच्या नावाशेजारी लावलेला. बारावीत तो आणखी मोठ्या होर्डिंगवर जाणार हे ठरलेलं. शाळेच्या दृष्टीनं तो मुलगा नव्हताच, पुढच्या वर्षीची ॲडमिशन होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि गार्गी मेडिकल रूममध्ये पोटदुखीची गोळी मागायला लागली. रोज. तिथली सिस्टर मला म्हणाली, "मैम, पेट-वेट कुछ नहीं है इसका. आप एक बार बात करो."

मी गेले. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कुठं दुखतंय गं?"

"सगळीकडे."

मी स्टूल ओढून बसले. ती भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाली, "मैम, तुम्हीपण पाहिला?"

"काय?"

"प्लीज मैम. नाटक नका करू ना."

"नाही पाहिला."

"सगळे हेच बोलून राहिले. ज्यांनी पाहिला तेपण."

मग तिनं सांगितलं. हेडबॉय तिला आवडायचा. तो तिच्याशी गोड बोलायचा, फोटो मागायचा. नको-नको म्हणता तिनं एक पाठवला. तिचा स्वतःचा, खासगी, एकट्या त्याच्यासाठी. मग त्याला आणखी हवे झाले. ती नाही म्हणाली तर हा फिजिक्स लॅबच्या मागच्या गल्लीत तिची वाट अडवायला लागला, हात धरून ठेवायला लागला. "और भेज, नहीं तो पहला वाला सबको दिखाऊँगा." तिनं दिवाळीआधीच वर्गशिक्षिकेला सांगितलं होतं. ती तक्रार जिना चढून वर गेली आणि वाटेत 'फ्रेंड्स में अनबन' झाली. सुट्टीत त्यानं फोटो बॅचच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, "सॉरी, गलती से." पोरगा हुशार होता हे नाकारता येत नाही.

"मैम, एकच सांगा," ती आता उठून बसली. "मला काढतील का?"

"तुला कशाला काढतील?"

"कोऑर्डिनेटर मैम आईला फोन करून बोलल्या, शाळा बदलून घ्या, मुलीसाठीच चांगलं राहील. मैम, मी दुसऱ्या शाळेत गेले ना, तर फोटो माझ्याआधी तिथे पोहोचेल. इथे ज्यांनी पाहिला त्यांना निदान हेपण माहीत आहे की मी बॅडमिंटन खेळते, माझं मॅथ्स खराब आहे, मी कँटीनमध्ये उधारी ठेवते. तिथे मी फक्त फोटो राहीन."

इतक्या वर्षांत मी पोरांना पुष्कळ भाषणं दिली. त्यांतलं एकही यापेक्षा बरं नव्हतं.

स्टाफरूममध्ये गेले तर तिथे एकच प्रश्न चालला होता. "पर इसने भेजा क्यों?" मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून, कचोरी खात खात. मी म्हटलं, अहो, तुम्ही गावाला जाताना शेजारणीकडे घराची किल्ली ठेवता, तिनं घर लुटलं तर पोलीस तुम्हाला विचारतील का, की किल्ली दिली कशाला? संस्कृतच्या बाई म्हणाल्या, "मैडम, किल्ली अलग बात है." कशी अलग, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात कचोरी होती.

आता आमच्या शाळेतली एक पद्धत सांगते. कुठल्याही प्रकरणात प्रिंसिपलसाहेबांना आधी 'सबूत' लागायचा, आणि तो सबूत ते अनुशासन समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. भिंतीवर रेघोट्या मारल्या, फोटो ग्रुपवर. बाक मोडला, फोटो ग्रुपवर. आम्ही खाली 'नोटेड सर' लिहायचो की काम झालं. तर या थोर माणसानं एका पोराच्या फोनवरून गार्गीचा फोटो घेतला आणि तो, रेघोट्या आणि मोडका बाक यांच्या रांगेत, सरळ समितीच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'फॉर काइंड परूजल प्लीज.'

माझ्या फोनमध्ये नातेवाइकांच्या 'शुभ प्रभात'च्या गुलाबांनी कायम इतकी गर्दी केलेली की नवीन काही उतरायचंच नाही. मला दिसला नुसता एक धूसर चौकोन आणि त्यावर खाली जाणारा बाण. मी बाणाला हात लावला नाही. पण चौकोनाखालचं वाचता येत होतं. कोणी हात जोडले होते. कोणी 'व्हेरी शेमफुल'. कोणी 'आजकल के बच्चे, राम राम.' आणि स्पोर्ट्सचे सर लिहितात, 'सर नॉट ओपनिंग, काइंडली रीसेंड.'

सरांनी लगेच रीसेंड केला. आमच्या पगारवाढीच्या अर्जावर त्यांनी इतकी तत्परता कधी दाखवली नाही.

चार दिवसांनी प्रिंसिपलसाहेबांच्या खोलीत मीटिंग झाली. एका बाजूला हेडबॉय आणि त्याचे आईवडील, दुसऱ्या बाजूला गार्गी आणि तिचे, मधे प्रिंसिपल, आणि मोठ्या खुर्चीत ट्रस्टवाले भाईजी. टेबलावर पोहे, वर शेव. कुणाच्या मुलीचं आयुष्य पणाला लागलेलं असो, इंदूरमध्ये पोह्यांवर शेव पडतेच. आणि पोह्यांच्या शेजारी एक स्टीलचं ताट. त्यात कुंकू, अक्षता, तोंड गोड करायला मावाबाटी, आणि एक राखी.

नोव्हेंबरात राखी मिळाली कुठून, हा प्रश्न मला क्षणभरच पडला. प्यूनला माझ्या कपाटाची जागा चांगली ठाऊक होती.

भाईजी फार मधाळ माणूस. म्हणाले, "देखिए, दोनों बच्चे अपने हैं. बिटिया राखी बाँध दे, बेटा माफी माँग ले, सब लोग फोटो डिलीट कर दें. बात खतम. अपनी मैडम का ही तरीका है, बरसों से चल रहा है." आणि माझ्याकडे बघून असे हसले, जणू दुसरी शाल आत्ताच देताहेत.

"और नहीं तो?" गार्गीच्या आईनं विचारलं.

"नहीं तो बहनजी, टीसी. बिटिया के लिए ही. माहौल बदलेगा, मन बदलेगा." शाळा सोडायची टीसी तयारच होती, फक्त पालकांची सही बाकी. कारणाच्या रकान्यात 'स्वेच्छेने' असं आधीच टाइप केलेलं.

गार्गीच्या वडिलांचा चेहरा बघवत नव्हता. भला माणूस. ते खालच्या आवाजात मुलीला म्हणाले, "बांधून टाक बेटा. तुझं वर्ष वाचेल. आपण काय, परगावची माणसं."

गार्गीनं राखी उचलली. ती हेडबॉयपुढे जाऊन उभी राहिली. त्यानं सवयीनं हात पुढे केला.

"तेरी एक बहन है ना? सातवीं में? इसी स्कूल में?"

त्यानं मान हलवली.

"वो हर साल बाँधती है?"

"हाँ."

"तो आज घर जाके उसको बोल, ये दूसरी वाली किसलिए बाँधी. बोलेगा? बोल दे तो बाँधती हूँ."

हात खाली गेला. हेडबॉयची आई ताडकन उठली. "ये लड़की की ज़बान देखो! फोटो भेजते समय शरम नहीं आई?"

"आंटी, आई थी," गार्गी म्हणाली. "इसलिए एक ही भेजा."

भाईजींचा मध आटला. "प्रिंसिपल साहब, टीसी दीजिए."

तेव्हा मी माझा फोन काढला. चष्मा लावला, पुसला, परत लावला. म्हाताऱ्या बायकांना एवढी एक चैन असते, लोकांना ताटकळत ठेवता येतं. ग्रुप उघडला आणि फोन सरांपुढे धरला.

"सर, हा चौकोन कोणी पाठवला?"

"मैडम, वो तो जाँच के लिए..."

"मुलानं एका ग्रुपवर टाकला, तुम्ही दुसऱ्या. आणि तुम्ही तर दोनदा टाकला, स्पोर्ट्सच्या सरांचा उघडत नव्हता म्हणून. पोलीस त्याला विचारतील तेच तुम्हाला विचारतील. मुलं अठराच्या आतली असली की ज्याला कळलं त्यानं कळवायचंच, नाही कळवलं तर तोही गुन्हेगार, असा पॉक्सोचा कायदा आहे. आपल्या शाळेत त्याचं वर्कशॉप झालं होतं, सर. तुम्हीच उद्घाटन केलं. दिवा लावलात आणि गेलात. मी बसले होते, कारण नंतर जेवण होतं."

सरांना मराठी अर्धवट समजायचं, पण हे पूर्ण समजलं. हात लांबवून म्हणाले, "मैडम, मैं अभी ग्रुप से डिलीट फॉर एवरीवन..."

"आता होत नाही सर. वेळ गेली. आणि मीही पुसणार नाही. उघडलाही नाही, पुसणारही नाही. पोहे संपवा. मी यांना घेऊन ठाण्यावर निघाले आहे. तुम्ही बरोबर येता, की नंतर बोलावणं आल्यावर?"

भाईजी अगदी शांतपणे म्हणाले, "मैडम, रिटायरमेंट को आपके कितना बचा है?"

"इतना कम भाईजी, कि निकाल भी दो तो सिर्फ फेअरवेल का भाषण छूटेगा. मेरे लिए तो राहत है."

ही माझी आयुष्यातली एकमेव शूर ओळ. खोलीबाहेर आल्यावर मी गार्गीच्या आईचा हात धरला. कोण कुणाला आधार देत होतं देव जाणे.

ठाण्यावर पहिल्या हवालदारानंही विचारलं, "भेजा क्यों?" मी म्हटलं, घ्या, इथेही आमची स्टाफरूम. पण आत एक तरुण बाई इन्स्पेक्टर होत्या. त्यांनी त्याला बाहेर पाठवलं, गार्गीला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बयान कल तेरे घर आके लूँगी, बिना वर्दी के. आज जा, खाना खा." गार्गी पहिल्यांदा रडली ती तिथे.

पुढचं सांगून टाकते, कारण ते फारसं सुंदर नाही. मुलांच्या न्यायमंडळापुढे हेडबॉयच्या तारखा पडल्या, समुपदेशन झालं, फोन जप्त झाला. शाळेत तो येईनासा झाला, पण परीक्षेला बसला. आणि निकालानंतर बायपासवर त्याचा चेहरा पुन्हा लागला, आधीपेक्षा मोठा. मी तिथून जाताना रिक्षावाल्याला दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला सांगते, आणि तो दरवेळी म्हणतो, "माताजी, लंबा पड़ेगा." पडू दे. प्रिंसिपलसाहेबांना 'आरोग्याच्या कारणास्तव' दुसऱ्या शाखेत पाठवलं. तिथे ते वर्कशॉपांची उद्घाटनं करतात असं ऐकते. मला शिस्तीतून काढून 'पर्यावरण प्रभारी' केलं. म्हणजे कुंड्या. त्या सुकल्या तर मी जबाबदार, जगल्या तर माळी.

टीसी मात्र फाडावी लागली. ठाण्यात तक्रार नोंदवलेल्या मुलीला 'स्वेच्छेने' काढणं भाईजींच्याही हिमतीबाहेरचं होतं.

गार्गी परत आली ती जानेवारीत, थंडीतल्या एका सकाळी. कुंड्या मिळायला अजून अवकाश होता. फाटकावर मीच उभी. रिक्षातून उतरली, स्वेटरच्या बाह्या ओढत माझ्यापर्यंत आली. गळ्यात टाय नव्हती. फाटकाशी पोरांची गर्दी होती आणि सगळ्या नजरा तिच्यावर. मी आदल्या रात्रीपासून घोकत होते की तिच्याशी कसं हळुवार वागायचं. आवाजात साखर घोळून म्हणाले, "ये बेटा, ये. जा आत."

ती चार पावलं आत गेली. थांबली. परत आली.

"मैम, माझी टाय नाही."

"असू दे गं."

"अशी कशी असू दे? दिवाळीआधी तर तुम्ही मला बेल्टसाठी उभं केलं होतं."

"अगं, आज..."

"मैम." तिनं आवाज एकदम खाली आणला. "तुम्ही सोडलं ना, म्हणून सगळे बघून राहिले."

मी आजूबाजूला बघितलं. खरंच होतं. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि इतक्या वर्षांत कमावलेला सगळा आवाज बाहेर काढला.

"गार्गी! टाय कुठाय? शाळा आहे की मामाचं घर? लाइन में खड़ी हो जा!"

फाटकावरची पोरं दचकली आणि आपापल्या टाय चाचपत आत पळाली. गार्गी रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे नववीतला एक जाडा पोरगा होता. त्यानं वळून विचारलं, "तूने क्या किया?"

"टाय. तूने?"

"जूते."

"हम्म."

मी रांगेला मैदानावरचे कागद वेचायला लावलं. सगळ्यात जास्त कुरकुर तिनंच केली. "मैम, ये तो प्यून का काम है ना! इतनी ठंड में!" मी तिला आणखी एक चक्कर लावली.